विहिरीच्या काठावरचा यमन

दुष्काळात नेकनूरजवळच्या दूध संस्थेच्या विहिरीतला गाळ काढायला एक माणूस उतरत असे. मी बातमीसाठी गेलो होतो. उतरण्यापूर्वी त्याने काठावर टेपरेकॉर्डर ठेवून यमनचा विलंबित ख्याल लावला.

"हाच आवडतो?" मी विचारले.

"हाच. लई लांब हाय. मी वर येईस्तोवर संपत न्हाई. गाणं थांबलं की वाटतं, वर कुणीच न्हाई."

कमरेला दोर बांधून तो खाली गेला; वर दोघांनी दोर धरला होता. ख्याल अर्ध्यावर असताना टेपचे सेल संपले. फावड्याचा आवाज थांबला.

खालून हाक आली, "कुणी हायत का बे वर?"

दोर धरणारे ओरडले, "आमी हाय की! भितो कावून?"

दोर तरीही थरथरत होता.

मी काठावर पालथा पडून ख्याल जिथे तुटला तीच ओळ बेसूर म्हणू लागलो. बऱ्याच वेळाने खालून फावडे वाजले.