कुत्र्यासाठी सोडलेली मळी

ये अशी, जवळ बस. तुझा कुत्रा तू तुंबलेल्या गटारीपाशी बांधतेस म्हणे? शहाणी आहेस का गं? डास असतात तिथे!

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती, मी लहान होते. माण तालुक्यातला एक मेंढका कळप घेऊन आमच्याकडे आला. खतासाठी शेतात मेंढरं बसवायची आणि मेंढक्याला धान्य द्यायची रीत होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला नदीकाठची मळी, गाळाची सुपीक जमीन, दाखवली, वर ज्वारीही जास्त देऊ केली. तो साचलेल्या पाण्याकडे बघून म्हणाला, "न्हाई आबा, वरच्या माळावर बसतो. हितं डास लय. माझ्या कुत्र्याला चावत्याल."

आबा हसले. "आरं, तुला चावलं तर चालतंय व्हय?"

"मला ताप आला तर मी बोंबलीन. ह्यो मुका जीव कुनाला सांगंल?"

लढाईत त्यानं पलटणीची खेचरं सांभाळलेली. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरानं मेलेल्या कुत्र्याचं काळीज उघडून त्याला दाखवलं होतं. आत पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत! डासच ते एका कुत्र्यातून दुसऱ्यात नेतात म्हणे. त्याचा आधीचा कुत्रा खोकून खोकून गेला, आणि राखण सुटल्यावर लांडग्यांनी मेंढरं फाडली.

माळावर तो कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करी, आपली घोंगडी कुत्र्यावर टाकी. सकाळी कुत्र्याच्या बरगड्यांना कान लावी.

"काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"काळजातलं दिसत न्हाई गं पोरी, म्हनून ऐकतो."

जंत खरंच ऐकू येतात का, मला अजून कळलेलं नाही. पण मीही तेव्हा कान लावला होता. आता जा, कुत्र्याला गटारीपासून सोड आणि इकडे घेऊन ये; त्याच्याही बरगड्यांना कान लावू.