न्हानूचा वाटा

राखणदारावर माझा राग होता. आमच्या धारगळच्या घरात असं उघड बोलत नाहीत, म्हणून लिहिते आहे. काजूच्या बागेच्या वरच्या टोकाला, किंदळाच्या झाडाखाली त्याचा पाषाण आहे. बागेचं, गुरांचं आणि आमचं तो रक्षण करतो अशी श्रद्धा. मोसमात भट्टी पेटली की पहिल्या धारेची हुर्राक, म्हणजे काजूच्या फळाची, बोंडूची दारू, आधी त्याला, विक्री मग. जाड भाकरीसारखा रोट, नारळ, विडी आणि नारळाच्या करटीत हुर्राक. पाषाणावर थोडी ओतली की तीच करटी पुरुषांमध्ये मानाप्रमाणे फिरते, सगळ्यात शेवटी कामगारांकडे जाते. प्रत्येकाने एक घोट घ्यायचा. तो प्रसाद. मुळगावहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे सगळं मला फार छान वाटलं होतं. देव आणि कामगार एकाच करटीतून पितात, असं मी माहेरी कौतुकाने सांगितलं होतं.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. प्राथमिक शाळेत शिकवते. समजावून सांगितलं की समोरच्याला समजतं, हा माझा शाळेतला अनुभव, आणि यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, पिण्यालाही मी तोच लावत राहिले. हे भट्टी सांभाळायचे. हुर्राकीचा जोर बघायला घोट घ्यावाच लागतो. त्या एका घोटाचे किती झाले हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि कोणी बोललं नाही. मी विनवण्या केल्या, शपथा घातल्या, जेवण सोडलं. हे प्रत्येक वेळी मनापासून रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खोटारडा माणूस पदरात पडला, असंच मी धरून चालले होते.

दारू सोडवण्यासाठी हे पहिल्यांदा सरकारी इस्पितळात राहून आले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. घरी आले आणि मोसम सुरू झाला. पाषाणापुढे थोरल्या काकांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, करटी पुढे केली. हे कचरले. "देवाचो प्रसाद तो, तेका दारू म्हणा नये," काका म्हणाले. यांनी एक घोट घेतला. आठवडा संपायच्या आत हे भट्टीजवळ लाकडांवर आडवे पडलेले सापडले.

त्यानंतर सासूबाईंनी यांना खोलीत कोंडलं आणि दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. भिंतीवर किडे चढताहेत म्हणून हे ओरडू लागले. सासूबाईंना तो राखणदाराचा कोप वाटला; त्यांनी नारळ फोडायला माणूस पाठवला. माणूस परत यायच्या आत यांना फिट आली. इस्पितळातले डॉक्टर आमच्यावर चिडले नाहीत, पण स्पष्ट बोलले. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू अशी अचानक तोडली तर जीव जाऊ शकतो; ती औषधं देऊन, नजरेखाली ठेवून सोडवावी लागते. थरथर, भास, फिट हे सगळं शरीराचं आहे, कोणाच्या कोपाचं नाही. आणि पुन्हा पिणं हा या आजाराचाच भाग आहे, खोटेपणा नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मी इस्पितळाच्या व्हरांड्यात जाऊन रडले. इतकी वर्षं मी एका आजारी माणसाला खोटारडा म्हणत होते.

मग घरच्यांनाही समुपदेशक बाईंपुढे बसवलं. त्या म्हणाल्या, यांच्यासाठी थोडी दारू अशी गोष्ट आता उरलेली नाही, पहिला घोटच टाळायचा. सासूबाईंनी प्रसादाचं विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, लिव्हरला प्रसाद कळत नाही."

"तुमच्या गावात राखणदार नाय दिसता," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या.

हे घरी आले. गोळ्या वेळेवर घेत होते, दर आठवड्याला दारू सुटलेल्या लोकांच्या बैठकीला जात होते. भट्टीकडे पाऊल टाकत नव्हते. हायवेवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात काम धरलं होतं. पण वर्ष फिरलं, बोंडू पिकले, आणि पाषाणापुढे उभं राहायचा दिवस आला. यांचे वडील नाहीत, त्यामुळे काकांच्या पाठोपाठ करटी यांच्याच हातात येते. मी आदल्या दिवशी काकांकडे गेले. म्हटलं, काका, यंदा यांना वगळा.

"करटी परत धाडूक ती काय चायची कपबशी?" ते म्हणाले. "बाय, तू शिकलेली. पण हंय शाळा नाय."

यांना विचारलं तर म्हणाले, "नाही म्हणेन." पण माझ्याकडे बघत नव्हते. नंतर खूप हळू म्हणाले, "खरं सांगू? मला ती हवीही आहे." त्या दिवशी मला समजलं की माझा माणूस माझ्याशी खरं बोलायला लागला आहे, आणि तरीही तो वाचेलच असं नाही.

बायकांनी पाषाणापासून लांब, खालच्या दगडी गडग्यापाशी उभं राहायचं असतं. मी तिथून राखणदाराला हात जोडले. प्रार्थना कसली, भांडणच ते. तूच दिलेल्या प्रसादाने माझं घर बुडालं, आता तूच काहीतरी कर. करटी फुटू दे, वारा सुटू दे, काकांचा हात थांबव. मी देवाला उपायही सुचवत होते. वरून मोपाच्या विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं, त्याच्या आवाजात काकांच्या गाऱ्हाण्याचे शब्द बुडाले, बाकी काही झालं नाही. काकांनी घोट घेतला आणि करटी यांच्यापुढे धरली. यांचा हात वर आला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून न्हानू पुढे आला. न्हानू आमच्याकडे बोंडू तुडवायचा. तोही इस्पितळाच्या त्याच वॉर्डात दोनदा राहून आला होता. दोन्ही वेळा सुटून पुन्हा आमच्याच भट्टीवर लागला, कारण दुसरं काम कोणी दिलं नाही; आणि मजुरीतला काही भाग आम्ही त्याला हुर्राकीतच देत होतो. गावात तो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. त्याला पाहून माझ्या मनात आलं, आता हा आणखी तमाशा करणार.

त्याने यांच्या हाताच्या आधी हात घातला आणि करटी घेतली.

"न्हानू!" काका गरजले. "तुजी पाळी शेवटाक!"

"जाणा मी. हेका नाका, काका. हेचो वाटो माका." आणि मग पाषाणाकडे बघून, "राग येयत तर माज्यार येवंदे."

त्याने सगळी करटी एका दमात रिकामी केली, तोंड पुसलं आणि उलटी धरून दाखवली. कोणीतरी फिस्सकन हसलं. "देवाच्या आदी भक्त पावलो!" एक जण म्हणाला, आणि सगळेच हसले. काकांनी न्हानूला शिव्या घातल्या, पण करटी रिकामी होती, आणि ती दुसऱ्यांदा भरायची रीत नाही. यांनी रोटाचा तुकडा उचलून तोंडात घातला.

ही कृपा होती असं मला त्या क्षणी वाटलं नाही. फक्त सुटलो असं वाटलं. न्हानूचे साधे आभार मानायचंही सुचलं नाही.

पावसाळ्यात त्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. हे त्याला स्वतः इस्पितळात घेऊन गेले, दुकानातून रजा काढून त्याच्याजवळ बसले. शेवटी शेवटी यांनी त्याला विचारलं, त्या दिवशी माझा वाटा का घेतलास? न्हानू हसला म्हणे. "तुज्यासाठी म्हणान वाटला तुका? माका जाय आशिल्ली रे." म्हणजे त्याला स्वतःलाच ती हवी होती. मग म्हणाला, "तुका पण जाय आशिल्ली. ती वळख माका आसा." दोन दिवसांनी तो गेला. त्याला रक्ताची उलटी झाली तेव्हा हे शेजारीच होते.

मी यावर खूप विचार केला आहे. त्याने यांना वाचवलं, की त्याला फक्त प्यायची होती? दोन्ही खरं असेल. मी देवाकडे चमत्कार मागितला होता, आणि तो मला दारूचा वास मारणाऱ्या, चिखलाने बरबटलेल्या पायांच्या माणसाकडून मिळाला. त्याला मात्र कोणाकडून काहीच मिळालं नाही. त्याच्यासाठी कोणी गडग्यापाशी हात जोडून उभं नव्हतं. एकाला तारताना देवाने दुसऱ्याला का सोडलं, हे मी विचारते तेव्हा मला आठवतं की त्याला आधी आम्ही सोडलं होतं. आमच्या भट्टीवर, आमच्याच हातांनी.

यंदा पुन्हा मोसम आला. भट्टी बंद झालेली नाही, तेवढं माझं घरात चालत नाही. मजुरी मात्र आता पूर्ण पैशांतच देतात. ते यांनी काकांशी भांडून करून घेतलं. पाषाणापुढे करटी यांच्याकडे आली. यांनी ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, आणि किंदळाच्या मुळाशी रिकामी केली.

"न्हानूचो वाटो," हे म्हणाले.

कोणी हसलं नाही. मेलेल्याच्या वाट्याला नाही म्हणायचं धाडस काकांनाही झालं नसावं. मग त्यांनी मान डोलावली. कामगारांसाठी, रीत नसताना, त्यांनी करटी पुन्हा भरली. आता दरवर्षी असंच होईल. यांना कधी नाही म्हणावं लागणार नाही. न्हानू यांच्यापुढे हात घालून उभा राहील.

मेल्यावरही आम्ही त्याला तेच पाजतो आहोत, हे मला बोचतं. म्हणून सगळे उतरून गेल्यावर मी वर गेले आणि त्या ओल्या मुळाशी रोटाचा तुकडा आणि तांब्याभर पाणी ठेवलं. राखणदारावरचा राग गेला आहे असं नाही. पण आता मी त्याला उपाय सुचवत नाही. हे आज प्यायले नाहीत. उद्याचं मला माहीत नाही, यांनाही नाही. तुला जमेल तसं सांभाळ, एवढंच म्हटलं, आणि खाली आले.