काचेला चिकटलेला ग्लॉसी

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत माझा फोटो स्टुडिओ होता. सत्तरच्या दशकात अगदी समोर एकाने दुसरा स्टुडिओ उघडला आणि माझा जळफळाट सुरू झाला.

मी बिनचकाकीच्या मॅट कागदावर छापायचो आणि मग बारीक ब्रशने गालांवर, साडीवर रंग भरायचो. तो ग्लॉसी कागद वापरायचा. ओला फोटो चकचकीत पत्र्यावर पालथा दाबून वाळवला की आरशासारखा निघायचा. केसन् केस, टिकलीची कड, सगळं ठसठशीत. मीही गुपचूप ग्लॉसी आणून पाहिला. त्या गुळगुळीत कागदावर माझा रंग बसेचना, थेंब होऊन घरंगळायचा. मग गिऱ्हाइकांना सांगू लागलो, "चकाकी काय, चार दिवसांची!" मनात मात्र त्याच्यासारखा दाट काळा माझ्या फोटोत यावा म्हणून जीव तुटायचा.

धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. तिचा फोटो मी दोन दिवस खपून रंगवला. ती बघून हसली. "दादा, हे तं क्यालेंडरातली बाई दिसून राहिली. याच्यात मी कुठं आहो?" आणि समोरून ग्लॉसी काढून आणला. तोच सिहोऱ्याच्या स्थळाकडे गेला, तोच पसंत पडला. त्या संध्याकाळी मी माझा फोटो टराटरा फाडला, निगेटिव्हही कात्रीने कापून टाकली.

दहा-बारा वर्षांनी तिच्याकडे सिहोऱ्याला गेलो. भिंतीवर तोच ग्लॉसी. फ्रेम करताना मधे जाड कागदाची पट्टी घातली नव्हती, म्हणून दमट हवेत तो काचेला चिकटून गालावर डाग आले होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"तुले यातलं समजते, दादा. काढून दे ना," बहीण म्हणाली.

काचेसकट पाण्यात ठेवला की असा फोटो हळूहळू सुटतो. हे मला पक्कं माहीत होतं. शेजारी पाण्याने भरलेला पितळी गुंड होता, मीच तिच्या लग्नात दिलेला. परातही होती. मी कोपरा धरला आणि कोरडाच ओढला. कागद हातात आला, चेहरा काचेवर राहिला.

ती रागावली नाही. काच उजेडाकडे धरून बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. तुह्यावाला आहे ना दादा, रंगवलेला? तो दे मले."

मी प्यायला पाणी मागितलं.