कल्पना मोजून सांगायची

पेशंटच्या तोंडावर "मला न्हाय माहीत" म्हणणारी फिजिओथेरपिस्ट मी आयुष्यात एकच पाहिली. भिवंडीजवळ टेमघरला असलेल्या माझ्या क्लिनिकमध्ये कल्पना नोकरीला लागली, त्याच आठवड्यात एका खो-खो खेळाडूने तिला विचारलं, "ताई, टाच का दुखते?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आता न्हाय सांगता येणार. वाचते, उद्या सांगते." मी पडद्याआड कपाळावर हात मारला. अहो, पेशंट पळेल ना! पण तो पळाला नाही. दुसऱ्या दिवशी हजर झाला, आणि पुढच्या खेपेला "ताई आहेत का?" विचारत भावालाही घेऊन आला. दारावर पाटी माझ्या नावाची आणि विचारपूस ताईंची! माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

खेळाडूंचा फिजिओ म्हणून मी भिवंडीत वीस वर्षं काढली होती. कबड्डीच्या मैदानावर मी उतरलो की "सर आले, सर आले" म्हणत सगळे बाजूला व्हायचे. कॉलेजात शिकलो तेवढं मला पुरत होतं: आधी बर्फ, मग मशीनचा शेक, मग आराम. कल्पना मात्र दर दोन-तीन महिन्यांनी शनिवार-रविवारची सुट्टी मागायची.

"कुणाचं लग्न आहे?"

"लग्न न्हाय सर, कोर्स हाय."

"अगं, डिग्री आहे ना तुझ्याकडे?"

"डिग्री हाय, पण गुडघ्याचं सगळं बदललं ना."

गुडघा बदलला म्हणे! देवाने नवीन मॉडेल काढलं की काय, असं मी खवचटपणे विचारलं. ती खळखळून हसली आणि सुट्टी घेऊन गेलीच.

इम्रान नावाचा आमचा एक कबड्डीपटू यंत्रमागावर कामाला होता. त्याची पोटरी दुखावली म्हणून मी त्याला तीन आठवडे आराम सांगितला होता. तीन आठवडे गेले, पोटरी होती तशीच. कल्पनाने त्याला विचारलं, "आराम मतलब क्या किया?"

"ग्राउंड पे गया ही नहीं, मॅडम."

"और लूम पे?"

"वो तो ड्युटी है. बारह घंटा खड़ा."

भिवंडीत आराम म्हणजे खेळ बंद. ड्युटी त्यात कोण धरतो? मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो, पण हे विचारायचं मला सुचलं नाही. "कोर्समधी सांगितलं, खेळाडूचा अख्खा दिवस विचारायचा," ती म्हणाली. तिने त्याला लूमजवळ स्टूल ठेवायला लावलं आणि टाचा उचलायचा व्यायाम मोजून दिला. महिन्याभरात इम्रान मैदानात परतला आणि पेढे तिच्या हातात ठेवून गेला. मीही एक खाल्ला. कडू लागला, खोटं कशाला बोलू?

मग आली रेश्मा. तालुक्यातली सर्वांत चपळ चढाईपटू. तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते आणि राज्य संघाची निवड तोंडावर आली होती. सहा महिने झाले की खेळायला सोडायचं, हे माझं गणित. संघाच्या प्रशिक्षकांना मी शब्दही देऊन बसलो होतो. कल्पनाने मोजायची टेप काढली. रेश्माला आधी चांगल्या पायावर लंगडी उडी मारायला लावली, मग ऑपरेशनच्या पायावर. दुसरी उडी वीतभर कमी भरली.

"अजून न्हाय," कल्पना प्रशिक्षकांसमोरच म्हणाली. "महिने मोजून गुडघा तयार होत न्हाय. अजून तीन महिने तरी ताकद वाढवू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोरगी माझ्या मैदानावर मला शिकवणार? रेश्माने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही म्हणाल तसं." हे ऐकायला माझे कान किती दिवस आसुसले होते! मी खिशातलं पेन काढलं आणि तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही केली.

निवडीच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या चढाईत, रेश्माचा तोच गुडघा गेला. तिची किंकाळी बाहेर गेटपर्यंत ऐकू आली. दुसरं ऑपरेशन झालं, त्यानंतर ती कबड्डी खेळली नाही.

कल्पनाने मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. वर्षभरात ती नोकरी सोडून फिजिओंना शिकवायला लागली. पुढे नियम आला की, जिल्हा संघाबरोबर जायचं तर नव्या कोर्सचं प्रमाणपत्र हवं. नाव घातलं, ठाण्याला गेलो, तर फळ्यासमोर कोण? कल्पना! परत फिरावंसं वाटलं. शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

दुपारी ती गुडघ्याच्या विषयावर आली. "घाईने मैदानात सोडलं तर काय होतं, ते सांगते," ती म्हणाली. "आमच्याकडे एक खेळाडू होती. तिच्या बाबतीत आमच्याकडून चूक झाली."

आमच्याकडून! चाळीस फिजिओ वहीत लिहून घेत होते. नाव नाही, गाव नाही, माझ्याकडे साधी नजरसुद्धा नाही. या बाईचा एवढा हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. तिची हुशारी एक वेळ सोसली असती, हा मोठेपणा सोसेना. मी उभा राहिलो.

"मॅडम," मी म्हणालो, "दाखल्यावर सही माझी होती. तुम्ही नको म्हणाला होतात."