मुकी पट्टी आणि अठरा अर्ज

येरमाळ्याकडच्या वाशीत, तिथल्या संगीत विद्यालयात पियानो आहे असं सांगितलं, की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतो. पण आहे. खरा, लाकडी, चौघांना हलत नाही असा. बदली होऊन पुण्याला निघालेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी तो विद्यालयाला अर्पण केला. म्हणजे ट्रकवाल्यानं न्यायला नकार दिला, तेव्हा साहेबांच्या पोटात दानधर्म उपजला.

या पियानोवर गुरुप्रसाद सर शिकवतात. तुळजापूरच्या भिक्षुकाच्या घरातला माणूस. पूजेत एक मंत्र चुकला तर पूजा पुन्हा पहिल्यापासून, हा वडिलांचा नियम. वडिलांची भिक्षुकी सरांनी घेतली नाही, नियम तेवढा उचलला आणि पियानोला लावला. पोराचं एक बोट घसरलं की सर डोळे मिटून म्हणणार, "पहिल्यापासून." पोरं त्यांना मागं 'पहिल्यापासून सर' असंच म्हणतात. चार-चार वर्षं शिकून काही पोरं दुसऱ्या ओळीला पोचली नव्हती, पण पहिली ओळ कशी, घासून लखलखीत!

सरांच्या जिवाला एकच घोर होता. पियानोची मधल्या पंचमाची पट्टी मुकी होती. आतली हातोडी मोडलेली, त्यामुळं दाबली की सूर नाही, नुसतं 'ठक'. अकरा वर्षांत सरांनी दुरुस्तीसाठी सतरा अर्ज दिले, प्रत्येकाची नक्कल फायलीत लावली. विद्यालयाचे अध्यक्ष बंडप्पा, खताचे व्यापारी, अर्ज आदरानं वाचायचे आणि त्याहून आदरानं बाजूला ठेवायचे.

"सर, अठ्ठ्याऐंशीतल्या सत्त्याऐंशी वाजायल्यात की! आमच्या कमिटीत अकरातले चार बी वाजत न्हाईत. म्या केला का कुठं अर्ज?"

सरांनी अठरावा अर्ज दिला.

मागच्या दिवाळीनंतर बंडप्पा पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले. दोन दिवसांत एक सतरंजीछाप पिशवी, एक पेन आणि 'सर्जनशीलता' हा शब्द घेऊन आले. पिशवी घरी दिली, शब्द विद्यालयाला दिला.

"सर, आता पोरांनी स्वतःचं वाजवायचं. स्वतःच्या डोक्यातलं. सर्जनशीलता! शनिवारी चार ते पाच."

"आणि पाचनंतर?"

"पाचनंतर नेहमीचं."

सोबत बंडप्पांनी एक पाचरही मारली. त्यांचा मेव्हणा अमरनाथ, येडशीला त्याचं मंगल कार्यालय. नवरा-नवरीला फोटो काढायला पियानो ठेवावा, ही त्याची फार दिवसांची इच्छा. "यंदाच्या वार्षिक संमेलनात एक जरी पोरगं स्वतःची चाल वाजवू शकलं, तर पियानो इथंच. न्हाईतर उगं धूळ खाण्यापरीस येडशीला शोभंल."

सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढं एकच चित्र. पट्ट्यांच्या फटीत अक्षता, झाकणावर मठ्ठ्याचे ग्लास आणि शालूतली नवरी पंचमाला कोपर टेकून उभी.

म्हणून शनिवारी चारला सरांनी फळ्यावर लिहिलं, 'नवीन सुचवा.' आणि खाली, सवयीनं, 'चुका करू नयेत.'

एवढं मोकळं रान मिळाल्यावर पोरं अर्थातच दगडासारखी बसली. एकानं पाठातला धडा उलटा वाजवला. हर्षालीनं पाठातलाच वाजवला आणि 'मला पण हेच सुचलं' म्हणाली. असे पाच शनिवार गेले. संमेलनाला दोन आठवडे उरले आणि सरांचं वजन दोन किलोनं उतरलं.

सहाव्या शनिवारी जाई बसली. नऊ वर्षांची, घरची खव्याची भट्टी. तिच्या बोटांना दुधाचा वास यायचा, म्हणून सर तिला रोज हात धुवायला पाठवत. डाव्या हातानं तिनं खालच्या जाड सुरांवर घुमवायला सुरुवात केली, गोल गोल, एकसारखं. उजवा हात वर थोडा बुडबुडला. मग सगळंच हळू झालं, जड झालं, हात उचलता उचलेनात असं. आणि शेवटी नेमकी मुकी पट्टी. ठक, ठक.

सरांचं तोंड 'पहिल्यापासून' म्हणायला उघडलं होतं. त्यातून निघालं, "हे काय गं?"

"खवा सर. आई असंच घोटती. झाला की उलथनं कढईच्या काठावर ठोकती. ठक, ठक."

"आणि मग?"

"मग आमाला कढईची खरवड देती."

सर फळ्यापाशी गेले, 'चुका करू नयेत' पुसलं आणि तिथं संमेलनासाठी जाईचं नाव लिहिलं.

आता संस्थेचं नशीब बघा. अकरा वर्षं न हललेला कागद नेमका आता हलला. पाहुण्यांपुढं वस्तू धड दिसावी म्हणून बंडप्पांनी अठरावा अर्ज मंजूर केला. संमेलनाच्या दिवशी दुपारी येरमाळ्याहून कोंडीराम पेटीवाला हजर! पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याच हातच्या. पियानो त्यानं जन्मात उघडला नव्हता, पण म्हणून अडेल तो कोंडीराम कसला? सरस आणि सायकलच्या तारेचा तुकडा घेऊन तासाभरात त्यानं हातोडी जोडली, पट्टी दाबली. पंचम असा खणखणला, की गुरुप्रसाद सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नका सर," कोंडीराम विरघळला. "कलेची सेवाय ही."

जाईनं चाल वाजवून बघितली. काठावरच्या ठोक्याच्या जागी टिंग, टिंग.

"सर, ही तर आमच्या कढईला घंटी बांधली! म्या न्हाय वाजवणार."

"लाकडावर बोटानं ठोक ना."

"दोन्ही हात खव्यात हायेत की सर. ठोकू कशानं, नाकानं?"

मुद्दा बिनतोड होता. साडेचार वाजता सरांनी दार आतून लावून घेतलं आणि पियानोचं वरचं झाकण उघडलं. फाईल काढली. अठराव्या अर्जाची नक्कल हातात घेतली, आठ घड्या घातल्या आणि नव्या हातोडीच्या आणि तारांच्या मधोमध सारली. पट्टी दाबली. ठक. अकरा वर्षांत त्या अर्जांचा कुणाला झालेला हा पहिला उपयोग.

सहाला संमेलन सुरू झालं. बंडप्पांनी सर्जनशीलतेवर चाळीस मिनिटं, कागदावर बघून, वाचून दाखवलं. पहिल्या रांगेत कोंडीराम कडक फेटा बांधून, दोन व्याह्यांना शेजारी बसवून, आपला पंचम ऐकायला आला होता. त्याच्या पलीकडं अमरनाथ, खिशात मोजपट्टी घालून. जाई वाजवू लागली तशा मागच्या बायका आधी हसल्या, मग पुढं सरकून ऐकू लागल्या. तिची आई गिरिजाबाई मांडीवर हात गोल फिरवायला लागली होती आणि ते तिला कळतही नव्हतं. ठक, ठक. सगळ्या सभागृहाला खरवडीचा वास आला.

"आरं तिच्या!" कोंडीराम उठून उभा. "दुपारी बोलत होती की!"

अमरनाथनं बंडप्पांना कोपरानं ढोसलं. "दाजी, नवरीनं नेमकी हीच दाबली अन् मुकी निघाली म्हंजे? भर मांडवात अपशकुन. मला नगं हे."

असा पियानो वाशीत राहिला. बंडप्पा आजही सांगतात, सर्जनशीलतेमुळं राहिला.

कोंडीरामाला मात्र झोप लागली नाही. सकाळी तो आला, सरांना न विचारता झाकण उघडलं, कागद ओढला, घड्या उलगडून मोठ्यानं वाचला. "विषय, मुकी पट्टी त्वरित दुरुस्त करून मिळणेबाबत." मग खालची सही बघितली, मग सरांकडं. "सर, व्याह्यांपुढं माझं नाक कापलंत तुम्ही."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका धरलेला माणूस. मान खाली घालून बसला आणि लिहायला लागला. पट्टी कोंडीराम यांनी उत्तम दुरुस्त केली असून ती खालील सही करणाऱ्यानेच पुन्हा मुकी केली. एका अक्षरात चूक झाली म्हणून पहिल्यापासून, असं तीनदा लिहिलं. तो कागद आता काचेच्या चौकटीत येरमाळ्याच्या दुकानात टांगलेला आहे आणि गिऱ्हाइकं त्याला कोंडीरामाची पदवी समजून हात जोडतात. अमरनाथनंही वाचला, पण तोवर त्यानं प्लायवूडचा पांढरा पियानो करून घेतला होता. त्याची एकही पट्टी वाजत नाही, त्यामुळं अपशकुनाचा प्रश्नच मिटला.

अठरावा अर्ज केव्हाच पुन्हा घड्या होऊन हातोडीपुढं आपल्या जागी गेला होता. परवाच्या शनिवारी जाईनं निम्मी चाल वाजवून हात थांबवले.

"सर, अजून एक पट्टी मुकी करता का? दुधाची बादली ठेवायची हाय."

सरांनी दाराकडं बघितलं, बंडप्पा नाहीत याची खात्री केली आणि कपाटातून फाईल काढली. त्यात अजून सतरा अर्ज होते.