डॉक्टरम्मांचे ‘जाईल’

रुग्ण बाई तपासून झाली की डॉ. विमला उदगीरकर नोंदवहीच्या समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहीत: ‘जाईल’ किंवा ‘राहील’. शस्त्रक्रियेनंतर तिची वेदना जाईल की राहील, याविषयीचे ते त्यांचे भाकीत असे. ‘राहील’ लिहिलेल्या बाईवर त्या शस्त्रक्रिया करत नसत. ‘जाईल’वालीला म्हणत, “जाएगा अम्मा, दर्द जाएगा. फिकर नक्को.” बायका त्यांना डॉक्टरम्मा म्हणत आणि निर्धास्त होऊन घरी जात.

कोठी भागातल्या त्यांच्या दवाखान्यात मी गेले ती या वहीसाठी. संख्याशास्त्रातल्या संशोधनाकरिता मी पुण्याहून हैदराबादला आले होते आणि मला नाव मिळवून देणारा विषय हवा होता. परदेशी यंत्रे आता सहज मिळू लागली होती. डॉक्टर मॅडमनीही दुर्बीण, कॅमेरा आणि रंगीत पडदा मागवला होता. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्याच जागी रुजतो आणि पाळीच्या दिवसांत बाईला उभे राहू देत नाही. त्या थराचे डाग दुर्बिणीतून काढले, तरी काहींची वेदना थांबते, काहींची थांबत नाही. कोणाची थांबेल, हे आधी सांगणारे सूत्र मला मांडायचे होते. मॅडमच्या डोक्यात ते तयारच असावे, असा माझा कयास होता.

“कशावरून लिहिता?” मी विचारले.

“पोटावर हात ठेवला की बाई श्वास कुठे धरते, ते बघते. पुण्यात शिकवत नसतील,” त्या म्हणाल्या. त्या मूळच्या बीदरकडच्या. पुण्याला टोमणा मारल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे.

“आणि ज्या परत तपासणीला आल्याच नाहीत?”

“त्या बऱ्या झाल्या. दुखत असतं तर आल्या नसत्या का गं?”

वहीत अशा ‘बऱ्या झालेल्या’ बायकाच जास्त होत्या. हे गृहीतक टिकणारे नाही, असे मी स्पष्ट सांगितले. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी छत्री घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “चल, घरोघरी जाऊन विचारू. एकदाचं तुझं तोंड बंद करते.”

पहिले घर बेगम बाजारात, मिरचीच्या घाऊक दुकानावरचे. तिथल्या शकुंतला नावाच्या सुनेपुढे ‘जाईल’ लिहिले होते. सासूने चहा केला, मॅडमच्या हाताचे गुण गायले. शकुंतला म्हणाली, “एकदम आराम है जी.” मॅडमनी माझ्याकडे असे पाहिले, की मी वही मिटली. पोचवायला शकुंतला जिन्यापर्यंत आली. निरोप घेताना मॅडमनी सवयीने तिच्या पोटावर हात ठेवला, आणि तिचा श्वास अडकला.

“कब से?”

“गयाच नहीं था, अम्मा.”

“फिर आई क्यों नहीं?”

“पहले दर्द बोली तो मानते थे, लेटने देते थे. आप सबको कैसेट दिखाए ना, सब साफ हो गया करके? अब बोली तो नखरे बोलते.”

शस्त्रक्रियेची कॅसेट नातेवाइकांना दाखवणे हा मॅडमच्या अभिमानाचा भाग होता. त्या खाली उतरल्या आणि मिरचीच्या पोत्यांशेजारी शेवटच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “दुखणं तर राहिलंच. दुखतं म्हणायची सोय तेवढी मी काढून घेतली.”

त्या उन्हाळ्यात आम्ही सापडतील तितकी घरे गाठली. काही बायका खरोखर बऱ्या होत्या, हसून सांगत होत्या. परंतु त्यांच्यापुढेही ‘जाईल’ होते आणि दुखणे सोसत गप्प राहिलेल्यांपुढेही. डागांचा आकार, गाठी, वय, श्वास, सगळे मी ताडून पाहिले. कशानेही त्या दोन गटांतला फरक आधी कळला नसता.

मॅडम पुन्हा शकुंतलेच्या घरी गेल्या, या खेपेला सासूला सांगायला, की शस्त्रक्रिया फसली आहे, सुनेला खरेच दुखते. सासू हसली. “आप बड़े दिल के हैं, डॉक्टरम्मा. हमने अपनी आँखों से देखा ना. आपको भी पटा ली ये लड़की.” मॅडम आणखी एकदा गेल्या. तेव्हा शकुंतलाच जिन्यात आडवी आली. “नक्को आओ अम्मा. आप आके गए तो और सुनना पड़ता.”

त्यानंतर समास कोरा राहू लागला. “दर्द जाएगा ना?” असे कोणी विचारले की मॅडम म्हणत, “मालूम नहीं, अम्मा. किसी का जाता, किसी का नहीं.” बायका शांतपणे कागद गोळा करीत आणि ‘जाएगा’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जात. मी एकदा वैतागून म्हटले, “निदान ‘बहुतेक जाईल’ तरी म्हणा.”

“म्हणेन की. पण ‘बहुतेक’ इथेच राहतं गं. घरी फक्त ‘जाईल’ पोचतं.”

वर्षभरात त्यांनी शस्त्रक्रिया बंद केल्या. मी पुढच्या संशोधनासाठी परदेशी गेले. त्या आजारी असल्याचे कळल्यावर मी फोन केला, तेव्हा प्रकृतीविषयी त्यांनी मला बोलूच दिले नाही.

“तिकडे तरी कळतं का, कोणाचं थांबेल ते?”

“नाही, मॅडम.”

“कोणालाच?”

“कोणालाच नाही.”

मग त्या म्हणाल्या, “मी किती ठामपणे सांगत होते गं.” त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही, महिन्याभरात त्या गेल्या.