पाटीचा पाइप

शटर खडखडत वर जातं. उजेडाचा पट्टा आधी पायरीवर पडतो, मग सरकत सरकत आत येतो. तेल पिऊन काळी झालेली जमीन दिसते, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने दिसतात, छताच्या तुळईवरून लोंबणारी चेनपुली दिसते. मधोमध एक टॅक्सी उभी आहे, बॉनेट काढलेली, पोटात इंजिन नसलेली. आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. जाड मोजे, पुरुषी बूट. मागच्या दाराची किल्ली या पायांच्या मालकिणीकडे असल्यामुळे शटर उघडायची वाट ती कधी बघत नसे.

ही आत्या. गॅरेज भाच्याचं, म्हणून आत्या. पण गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले म्हातारेसुद्धा.

शाळकरी वयात ती मोठ्या भावाचा डबा घेऊन इथे यायची. एका दुपारी भावाचा जाडजूड हात इंजिनामागे अडला, बोल्ट काही केल्या हाती लागेना. तिने डबा खाली ठेवला, बाही वर सारली आणि बोल्ट काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानंतर डबा दुसरंच कुणी आणू लागलं. पुढे तिचं लग्न झालं. घर मोठं, माणसं भली. तरी वर्षाच्या आत ती पिशवी घेऊन गॅरेजच्या दारात उभी.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"काही होतच नाही तिथे," ती म्हणाली आणि पाना मागितला.

भाऊ गेला, गॅरेज त्याच्या मुलाकडे आलं. मुलगा म्हणजे छोट्या. चाळिशी उलटली, टाळू चकाकू लागला, तरी छोट्याच. माणूस वाईट नव्हता. पण मागच्या महिन्यात गाडीखाली आत्याचे गुडघे धरले, तिला बाहेर काढायला दोघं लागले, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

"आत्या, ही टॅक्सी शेवटची," तो खाली वाकून म्हणाला. "उद्यापासून तू काउंटरला. नवी खुर्ची आणलीय, गादीची."

"बघितली. फिरते का?"

"फिरते."

"मग नको. मला चक्कर येते."

"मस्करी नको. तुला काही झालं तर बाबांना काय तोंड दाखवू?"

"तुझ्याआधी मीच भेटणार त्याला. समजावते मी."

छोट्याने हा नाद सोडला आणि दुसरा धरला. बाहेर एक गाडी आली होती, तिचं पुढचं चाक काढायचं होतं. गॅरेजात मोठा जॅक एकच, आणि तो या घटकेला टॅक्सीच्या गिअरबॉक्सखाली फळी घेऊन उभा होता.

"जॅक सोड. मागच्या माउंटिंगवर राहील तेवढा वेळ. दुरुस्तीला दिलेलं इंजिन घेऊन मी आलोच."

आत्या कोपरांवर सरकत बाहेर आली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात. इंजिन उचललं की गिअरबॉक्सचं पुढचं तोंड निराधार होतं. सगळा भार मागच्या रबरी माउंटिंगवर येतो, तोंड झुकतं, रबर फाटतं, आणि इंजिन परत बसवताना काही जुळत नाही. छोट्याला हे ठाऊक होतं. बापाने आणि आत्याने मिळून त्याला घडवलं होतं. पण दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की माणसाला बरंच काही विसरायला होतं.

"मी नाही सोडणार," आत्या म्हणाली.

"गॅरेज कुणाचं आहे?" तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"तुझं. पाटीवर लिहिलंयच."

आता माघार घेणंही जड. "मग मी येईपर्यंत जॅक बाहेरच्या गाडीखाली हवा," म्हणून तो टेम्पो घेऊन निघून गेला.

तो परतला तेव्हा जॅक बाहेरच्या गाडीखाली होता. छोट्याला जरा हायसं वाटलं. मग तो आत आला. टॅक्सीच्या दोन्ही मडगार्डांवर पोत्यांच्या घड्या, घड्यांवर आडवा एक दणकट लोखंडी पाइप, आणि पाइपाला बांधलेल्या साखळीवर गिअरबॉक्स आपला निवांत तोललेला. शेजारी टॅक्सीवाला स्टुलावर बसून तमाशा बघत होता.

"हा पाइप कुठला?"

आत्या हात पुसत राहिली. टॅक्सीवाल्याची नजर गेली रस्त्याकडे. छोट्या बाहेर गेला आणि वर बघितलं. शटरच्या वर पाटीचा पाइप पेलणारे नुसते दोन लोखंडी आकडे. त्याच्या नावाची पाटी भिंतीला टेकून खाली उभी होती.

"तू शिडीवर चढलीस?"

"उडता येत नाही मला."

"या गुडघ्यांनी?"

"दुसरे नाहीत."

"माझं नाव उतरवलंस तू, आत्या."

"नाव जपून ठेवलंय, पाइप तेवढा घेतला. जॅक बाहेर हवा म्हणालास, बाहेर आहे. आता इंजिन उचल, यांचा धंदा बुडतोय."

"आत्या, लागली तर माझ्या घरची पाटी आणू का?" टॅक्सीवाला म्हणाला. दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्टूल जरा मागे सरकवलं.

चेनपुलीवरून इंजिन हलके हलके उतरलं. छोट्या वर, आत्या खाली. तोंडाला तोंड लागलं, शाफ्ट आत शिरला, आणि बोटभर फट ठेवून सगळं अडलं.

"लांब बोल्ट लावून आवळतो," छोट्या म्हणाला. "ओढला जाईल."

"हात लावून तर बघ."

"सगळे तसंच करतात."

"आणि सगळ्यांच्या गिअरबॉक्सचे बोल्ट धरणारे कान तुटतात. तोंड वर झालंय त्याचं. दोन्हीकडचं एकेक पोतं काढ."

"म्हणजे टांगताना तू चुकलीस."

"चुकले. म्हणून तर सांगतेय. थांब, मला बाहेर येऊ दे."

ती आपली आपण बाहेर आली. छोट्या आणि टॅक्सीवाल्याने पाइप जरासा उचलून पोती काढली. ती पुन्हा खाली गेली आणि तिने जोडावर तळहात ठेवला.

"आता इंजिनाच्या पुढच्या पुलीचा नट पान्याने फिरवा. घाई नको."

टॅक्सीवाल्याने पाना फिरवला. आतून दातांत दात बसल्यासारखा बारीकसा आवाज आला आणि फट मिटली. बोल्ट हाताने बसत गेले.

दिवे लागायच्या सुमाराला टॅक्सी आपल्या पायांनी निघून गेली. छोट्याने पाटी परत चढवली, हात झटकले आणि आत येऊन खुर्ची काउंटरमागे नीट लावली.

"आज तुझं खरं झालं," तो म्हणाला. "पण उद्यापासून तू इथे. ठरलंय."

आत्याने खुर्चीला बोट लावलं. खुर्ची एक गिरकी घेऊन थांबली.

"तुझं ठरलंय ना? मग बस की तू. कुणीतरी बसायला हवंच तिथे."